अणुभट्टीचा सगळ्यात जहाल कचरा काचेत का ओततात?

घरात काचेची हिरवी बांगडी असेल तर जरा हातात घेऊन बघा. ती घालून वर्षानुवर्षं भांडी घासली, धुणी धुतली, तरी तिचा हिरवा रंग पाण्यात उतरत नाही. साडीचा रंग जातो, भिंतीचा जातो, बांगडीचा मात्र जात नाही. कारण तो रंग बांगडीला वरून लावलेलाच नसतो. काच वितळलेली असताना तिच्यात धातूचं ऑक्साईड विरघळवतात आणि काच निवली की ते धातूचे अणू काचेच्याच वीणीत अडकून बसतात. बांगडी फोडली तरी प्रत्येक तुकडा हिरवाच निघतो.

मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, बोईसर स्टेशनवरून पुढे समुद्राकडे गेलं की लागणाऱ्या तारापूरला, हीच युक्ती वापरून एका फार वाईट पदार्थाला जागच्या जागी बसवलं जातं. तो पदार्थ कुठून येतो, त्याला काचेतच का कोंडायचं, आणि कोंडल्यावर पुढे काय, हे समजून घेऊ.

आधी एक गैरसमज. ‘अणुकचरा’ म्हटलं की सिनेमातली हिरवी, ठिबकणारी पिंपं डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचा मोठा भाग अगदी साधा असतो: हातमोजे, फडकी, फिल्टर, जुने पाईप. त्यांच्यात किरणोत्सारी अंश थोडाच असतो आणि त्यांची व्यवस्था तुलनेने सोपी आहे. खरी डोकेदुखी असते ती ‘उच्चस्तरीय’ कचऱ्याची. जगभरच्या अणुकचऱ्यात आकारमानाने तो जेमतेम ३ टक्के, पण एकूण किरणोत्सर्गापैकी सुमारे ९५ टक्के त्याच्यात. म्हणजे पोत्यात एकच खडा, पण सगळं विष त्या खड्यात.

हा खडा तयार कसा होतो? भट्टीत युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्याची दोन शकलं होतात. कधी सिझियम नि रुबिडियम, कधी स्ट्रॉन्शियम नि झेनॉन, अशा कितीतरी जोड्या. यातली बहुतेक शकलं अस्थिर असतात, म्हणजे किरणं फेकत फेकत हळूहळू शांत होत जातात. शिवाय काही युरेनियम फुटण्याऐवजी न्यूट्रॉन गिळतं आणि त्यातून प्लुटोनियम, अमेरिसियम, नेप्ट्युनियम अशी जड मूलद्रव्यं तयार होतात. भट्टीत जाण्याआधी युरेनियमची गोळी हातमोजे घालून उचलता येते. तीच गोळी काही वर्षं भट्टीत काढून बाहेर आली, की उघड्यावर तिच्याजवळ काही मिनिटं थांबणंही जिवावर बेतेल.

आणि ती तापलेली असते, नुसती बाहेरून नव्हे, आतून. चूल विझवून झाल्यावर राखेखाली निखारे धगधगत राहतात ना, तसं. फरक इतकाच की या निखाऱ्यांवर पाणी मारून ते विझत नाहीत. भट्टी बंद केल्याच्या क्षणी इंधनात तिच्या पूर्ण ताकदीच्या ६-७ टक्के उष्णता निर्माण होत असते. दिवसभरात ती एका टक्क्याच्या खाली येते, पण पुढे वर्षानुवर्षं रेंगाळत राहते. म्हणून भट्टीतून काढलेलं इंधन पहिली काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी उष्णताही घेतं आणि किरणंही अडवतं.

इथून पुढे जगात दोन वाटा फुटतात. अमेरिका, फिनलंड, स्वीडन हे देश म्हणतात, वापरलेलं इंधन हाच कचरा, तसाच बंद करा. फ्रान्स आणि भारत म्हणतात, थांबा, यात अजून कामाचा माल आहे. हलक्या, म्हणजे साध्याच, पाण्याच्या भट्टीतून निघालेल्या इंधनात ९५ टक्क्यांच्या आसपास युरेनियम तसंच शिल्लक असतं आणि सुमारे १ टक्का प्लुटोनियम. ते काढून घेण्याला पुनर्प्रक्रिया म्हणतात. भारताने असा कारखाना पहिल्यांदा १९६४ साली ट्रॉम्बेला चालवून दाखवला, तारापूरचं वीजकेंद्र सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी. होमी भाभांनी आखलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रमच त्यावर उभा आहे: पहिल्या टप्प्यातलं प्लुटोनियम काढलं नाही तर दुसरा टप्पा होतच नाही.

पुनर्प्रक्रियेत इंधनाच्या नळ्यांचे तुकडे करतात, ते उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवतात, आणि त्या द्रावणाची केरोसिनच्या जातीतल्या एका तेलात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेटशी गाठ घालून देतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात जातात. बाकी सगळं आम्लात मागे राहतं. ही मागे राहिलेली आम्लाची कढी म्हणजेच आपला उच्चस्तरीय कचरा: आम्लधर्मी, पातळ, आपोआप गरम होणारा आणि जीवघेणा.

‘पातळ’ हा यातला सगळ्यात वाईट शब्द आहे. पातळ पदार्थ गळतो, आटतो, झिरपतो, उतू जातो.

२९ सप्टेंबर १९५७. सोव्हिएत रशियातल्या उरल भागात मायाक नावाचा अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणारा कारखाना होता. तिथे जमिनीखालच्या एका टाकीत असाच पातळ कचरा साठवला होता आणि टाकीभोवतीची थंड पाण्याची व्यवस्था बिघडली. कचरा स्वतःच्याच उष्णतेने तापत गेला, पाणी आटलं, तळाशी नायट्रेट आणि ॲसिटेटचे सुके क्षार उरले, आणि ते फुटले. हा अणुस्फोट नव्हता, दारूगोळ्यासारखा साधा रासायनिक स्फोट होता. पण त्याने टाकीवरचं सुमारे १६० टन वजनाचं काँक्रीटचं झाकण उडालं आणि वाऱ्याबरोबर किरणोत्सारी पदार्थ शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरले. गावं उठवावी लागली. सोव्हिएत सरकारने हे तीस वर्षं दडपून ठेवलं.

अमेरिकेचं प्रकरण कमी नाट्यमय, पण जास्त लांबलेलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला दुसऱ्या महायुद्धापासून साठत आलेला कचरा १७७ भूमिगत टाक्यांमध्ये आहे, सुमारे २१ कोटी लिटर. जुन्या टाक्यांना पोलादाचं एकच अस्तर. त्यांतल्या कित्येक गळल्या. दशकानुदशकं आणि अब्जावधी डॉलर खर्चूनही तिथली साफसफाई संपलेली नाही. ‘आत्ता टाकीत ठेवू, नंतर बघू’ याची किंमत किती होते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणजे कचरा घट्ट करायला हवा, हे उघड आहे. मग सिमेंटमध्ये का नाही कालवत? कमी ताकदीचा कचरा खरंच सिमेंटमध्ये कालवतात. पण सिमेंटमध्ये पाणी असतं, बारीक छिद्रं असतात. इतक्या जहाल कचऱ्याची उष्णता आणि किरणं त्याला भेगा पाडतात, आणि पाणी लागलं की सिझियमसारखे विरघळणारे पदार्थ त्यातून निसटतात. हवा होता असा पदार्थ जो निम्मीअधिक मूलद्रव्यसारणी आपल्या पोटात घेईल, तापमान सोसेल आणि पाण्याला दाद देणार नाही. काच हे सगळं करते. स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, उपरा अणू सहज मावत नाही. काचेची वीण विस्कळीत असते, मुंबईच्या लोकलच्या डब्यासारखी. जो येईल त्याला कुठे ना कुठे सरकून जागा मिळते. वाळूतल्या सिलिकाबरोबर बोरॉनचं ऑक्साईड घातलं की काच कमी तापमानाला वितळते आणि जास्त टिकाऊ होते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच याच घराण्यातली, बोरोसिलिकेट.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. ज्या खोलीत हे होतं तिला ‘हॉट सेल’ म्हणतात. मीटर-दीड मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आत माणूस नाही. भिंतीत खिडकी असते, तीही शिसं घातलेल्या काचेच्या जाड जाड थरांची, इतकी जाड की पलीकडचं जग पिवळसर दिसतं. खिडकीबाहेर उभा राहून माणूस दोन दांडे हलवतो आणि आतले यांत्रिक हात तीच हालचाल करतात. त्या हातांनी आतला नट घट्ट करायचा. एकदा सेल ‘गरम’ झाली, म्हणजे किरणोत्सारी झाली, की आत बिघडलेली कुठलीही वस्तू अशीच बाहेरून दुरुस्त करायची. घरातल्या मिक्सरचं पातं बदलायला चिमटे बांधलेले दोन बांबू वापरा, म्हणजे साधारण कल्पना येईल.

सेलमधल्या काच वितळवायच्या भट्टीत आम्लाची कढी आणि काचेची भुकटी एकत्र पडतात. पाणी उडून जातं, नायट्रेट फुटून ऑक्साईड होतात, आणि हजार अंश सेल्सियसच्या आसपास सगळं मिळून एकजीव काच बनते. सुरुवातीच्या काळात हे खास मिश्रधातूच्या भांड्यात करत आणि भांडं बाहेरून तापवत. वितळलेली काच भांड्यालाच खाते, त्यामुळे भांडी बदलत राहावी लागत. नंतर तारापूरला वेगळ्या पद्धतीची भट्टी आली: आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर आणि काचेत बुडालेले इलेक्ट्रोड. वीज थेट वितळलेल्या काचेतून जाते आणि काच स्वतःच हीटरची कॉईल होते. इथे कुणीही थबकेल, कारण काच तर वीजरोधक! थंड असताना आहेच. पण तापून मऊ झाली की तिच्यातले सोडियमचे आयन सुटे होऊन फिरू लागतात आणि वीज वाहते. म्हणून अशी भट्टी सुरू करताना आधी बाहेरून उष्णता द्यावी लागते, मग ती स्वतःची स्वतः चालते.

सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिची तोटी. इतक्या तापलेल्या, इतक्या जहाल रसाला नळ कुठला बसवणार? बसवतच नाहीत. तळाच्या नळीत थिजलेली काच हीच तिची गुडदी. ओतायचं असलं की नळी तापवायची, गुडदी वितळते, लालभडक धार खालच्या पोलादी डब्यात पडू लागते. थांबवायचं असलं की नळी थंड करायची, धार थिजते, बंद. हलणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडणारा एकही भाग नाही.

डबा भरला की तो सावकाश निववतात, दूरच्या हातांनीच झाकण वितळजोड करून बंद करतात, बाहेरून काही चिकटलंय का ते तपासतात. १००० मेगावॅटच्या अणुभट्टीच्या एका वर्षाच्या कामातून अशी काच साधारण ३ घनमीटर निघते. वॉशिंग मशीन ज्या खोक्यात येतं तशी सहा-सात खोकी धरा.

हे ऐकायला जितकं गुळगुळीत वाटतं तितकं नसतं. काच सगळ्यांना सारखी सामावून घेत नाही. रुथेनियम भट्टीच्या उष्णतेने वायू होऊन उडतं, थोडं सिझियमही उडतं, त्यामुळे भट्टीतून निघणारा धूर धुऊन, गाळून, अडवून परत आत घालावा लागतो. आयोडीन तर काचेत जवळपास जातच नाही. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात आणखी एक खोडी होती. तिथल्या जुन्या प्रक्रियेत वापरलेल्या रसायनामुळे त्यात सल्फेट भरपूर होतं. सल्फेट काचेत फारसं विरघळत नाही. दुधावर साय धरावी तसा त्याचा पिवळा थर काचेवर तरंगतो. ही साय पाण्यात सहज विरघळते आणि जाताना सिझियमलाही आपल्याबरोबर ओढून नेते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यावरच बोळा. भाभा अणुसंशोधन केंद्राने यावर काचेची पाककृतीच बदलली, तिच्यात बेरियम घातलं. बेरियम असलेल्या काचेत सल्फेट जास्त मावतं. परदेशातून आयती पाककृती आणून चाललं नसतं, कारण कढी आपल्या घरची होती.

पूड आणि काच यांत किती फरक पडतो, हे ब्राझीलच्या गोयानिया शहराने १९८७ साली फार कठोरपणे शिकवलं. एका सोडून दिलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र दोघांनी भंगार म्हणून उचललं आणि फोडलं. आत सिझियम क्लोराईडची पूड होती, जवळजवळ मिठासारखी, आणि अंधारात निळसर चमकायची. भंगारवाल्याला ती नवलाची वाटली. त्याने ती घरी नेली, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना चिमूट चिमूट दिली. लोकांनी अंगाला लावली. एक सहा वर्षांची मुलगी त्या हातांनी जेवली. चार जण दगावले, त्यांत ती मुलगी होती. २४९ लोकांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम सापडलं, घरं पाडावी लागली, वरची माती खरवडून न्यावी लागली. सिझियम तेच, पण पूड असल्यामुळे ते हाताला चिकटलं, पाण्यात विरघळलं, घराघरांत गेलं.

रक्तपेढ्यांमध्ये काही रुग्णांसाठी रक्ताला किरणांचा मारा द्यावा लागतो, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात जाऊन उलटत नाहीत. त्यासाठीही सिझियमच लागतं. भाभा केंद्राने अणुकचऱ्यातूनच सिझियम वेगळं काढून काचेत ओतलं आणि त्या काचेच्या ‘पेन्सिली’ या यंत्रांत बसवल्या. अशी पेन्सिल उघड्यावर आली तरी ती धोकादायकच. जवळ जाणाऱ्याला ती किरणं मारणारच. पण ती कुणाच्या नखात अडकून स्वयंपाकघरात जाणार नाही. याच कचऱ्यातलं रुथेनियम आता डोळ्याच्या कर्करोगावरच्या छोट्या चकत्यांमध्ये वापरतात.

काच किरणोत्सर्ग कमी करत नाही, एका कणानेही नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं. ती फक्त किरणोत्सारी अणूंना फिरू देत नाही. किरणोत्सर्ग उतरतो तो काळाने, आणि प्रत्येक मूलद्रव्याचा काळ वेगळा. सिझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं, स्ट्रॉन्शियम-९० साधारण २९ वर्षांनी. निम्म्याचं निम्मं असं दहा वेळा केलं की हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे ३०० वर्षं लागतात. शनिवारवाड्याचं वास्तुपूजन १७३२ साली झालं. त्या दिवशी बाजीरावाने सिझियमचा एक डबा तळघरात ठेवला असता, तर आज त्यात साधारण हजारावा भाग उरला असता. म्हणजे माणसाच्या आवाक्यातला काळ आहे. वाडे तेवढे टिकतात, निदान त्यांचे दरवाजे तरी.

पण डब्यात सिझियम एकटं नसतं. अमेरिसियम-२४१ निम्मं व्हायला ४३२ वर्षं लागतात, नेप्ट्युनियम-२३७ ला २१ लाख. ज्या देशांत इंधन तसंच पुरतात तिथे प्लुटोनियमही आलं, त्याला २४,००० वर्षं. पुनर्प्रक्रियेने भारताच्या डब्यांतलं प्लुटोनियम बरंचसं आधीच निघालेलं असतं, ही आपली जमेची बाजू. उरलेली अमेरिसियमसारखी जड मूलद्रव्यंही वेगळी काढून ‘जलद’ भट्ट्यांमध्ये, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांमध्ये, जाळून टाकायची, अशी योजना आहे. वेगळी काढण्याचं काम तारापूरला करून दाखवलेलं आहे. मोठ्या प्रमाणावर जाळून दाखवणं मात्र अजून व्हायचंय, आणि तोवर मी ते हिशेबात धरणार नाही.

मग डबे सध्या असतात कुठे? तारापूरला त्यांच्यासाठी जमिनीखाली खास कोठार आहे. डबे मोठ्या डब्यांत बंद करून उभे ठेवलेले, भोवती हवा खेळती. डब्यांच्या उष्णतेने हवा तापते, वर चढते, उंच धुराड्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. चुलीचं धुराडं चालतं तसंच. पंखा नाही, मोटर नाही, वीज गेली तरी हे थांबत नाही. मायाकमध्ये जे बिघडलं ते इथे बिघडायला शिल्लकच ठेवलेलं नाही. निखारे पुरेसे निवेपर्यंत, म्हणजे तीसेक वर्षं किंवा त्याहून जास्त, डबे इथे राहायचे.

त्यानंतर खोल खडकात. याबाबत सगळ्यात पुढे फिनलंड आहे. ओल्किलुओटो बेटावर जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात, ४०० मीटरहून खोल, ओंकालो नावाचं कोठार खणलंय. तिथे वापरलेलं इंधन तांब्याच्या जाड पिंपांत घालून भोवती बेंटोनाईट माती ठासायची. ती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. मला यातली तांब्याइतकीच महत्त्वाची वाटते ती कायद्यातली एक तरतूद: स्थानिक पालिकेला नकाराधिकार होता. एउरायोकी या तिथल्या पालिकेच्या लोकप्रतिनिधींनी तो वापरला नाही. त्यांना विचारलं होतं, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली हजारेक मीटरवर, विजेचे हीटर पुरून खडक उष्णतेने कसा वागतो हे तपासलं गेलं. कचरा तिथे नेलाच नव्हता. तरी २०१२ साली, खाण बंद होऊन दशक उलटल्यावर, तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुकेंद्राचा कचरा कोलारला येणार अशी बातमी पसरली, लोक रस्त्यावर उतरले आणि तसं काही नाही असा खुलासा करावा लागला. जैतापूरच्या वादातही ‘कचरा कुठे नेणार’ हा प्रश्न होताच. भारतात आजही कायमच्या कोठाराची जागा ठरलेली नाही. डबे थोडे आहेत, घाई नाही, असं अणुऊर्जा खातं सांगतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. हॅनफर्डलाही सुरुवातीला घाई नव्हती.

राहिला प्रश्न काचेचा. ती खरंच हजारो वर्षं टिकेल हे कशावरून? प्रयोगशाळेत कुणी दहा हजार वर्षं थांबू शकत नाही, म्हणून शास्त्रज्ञ जुनी काच शोधतात. फ्रान्समध्ये समुद्राच्या तळाशी सुमारे १८०० वर्षं पडलेली रोमन जहाजातली काच अभ्यासली गेली. आणि एक नमुना आपल्या पायाखालीच आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचं पठार बनलं, तेव्हा काही ठिकाणी तो इतका झटकन थिजला की त्याची काच झाली. या बेसाल्टी काचेची घडण अणुकचऱ्याच्या काचेशी बरीच जुळते, म्हणून भारतीय संशोधकांनी तिचे तुकडे तपासले. पाणी लागलेल्या कडेला काच बदलून पिवळसर-तपकिरी, मातकट थर झालेला आढळतो. त्या थराच्या आड काही तुकड्यांत अजूनही काळी, चकचकीत काच शिल्लक आहे.